फोटो कोणाचा निघतो?

आमच्या घरी बैठकीतल्या दारावर माझ्या आजीचा फोटो लावलेला आहे. काळी चौकट, चंदनाचा हार, जसा घरोघरी असतो तसाच. पण जवळ जाऊन पाहिले की त्यातली आजी आजीसारखी वाटत नाही. नजर घाबरलेली, पदर कपाळावर ओढलेला, चेहऱ्यावर पांढुरका उजेड. कारण असे की तो फोटो तिच्या मतदार ओळखपत्रावरचा आहे. ती गेली तेव्हा घरात तिचा दुसरा फोटो सापडेना, म्हणून बाबांनी ते कार्ड नेऊन चेहरा मोठा करून आणला. नखाएवढा फोटो हातभर केला की माणसाचे जे होते ते आजीचे झाले आहे.

वास्तविक तिचा एक चांगला फोटो होता. बाबा वर्षाचे झाले तेव्हा आजोबांनी सगळ्यांना गाडीबैलाने शहरात आणून एका स्टुडिओत तिघांचा फोटो काढवला होता. आजी त्याचे वर्णन मोठ्या हौसेने करी. मागच्या पडद्यावर बंगला आणि कारंजे रंगवलेले होते. बाबांच्या हातात फोटोवाल्याने रबरी चेंडू दिला होता आणि फोटो झाल्यावर तो परत घेतला, तेव्हा बाबांनी भोकाड पसरले होते. तो फोटो एका पावसाळ्यात पत्र्याच्या गळतीने भिजला आणि चौकटीच्या काचेला असा चिकटला की निघता निघेना. कोणीतरी म्हणाले, "स्टुडिओ अजून चालू आहे, निगेटिव्ह असेल." म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले.

स्टुडिओत आता झेरॉक्सचे मशीन आहे, मोबाइलचे कव्हर टांगलेले आहेत. मूळ फोटोवाले काका कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले होते. मी विचारले तर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मागच्या दिवाळीतच गेलं बघ सगळं. दोन पोती होती. भंगारवाल्यानं किलोवर नेलं. त्यातली चांदी काढतात म्हणे ते." आणि थोडे थांबून, "आधी यायचं होतंस."

मला काकांचा राग आला नाही. दोन पोती निगेटिव्ह त्यांनी चाळीस वर्षे सांभाळली होती, आणि चाळीस वर्षांत ती मागायला मी पहिलीच आले होते. ज्या वस्तूची चौकशी कोणी करत नाही ती दिवाळीच्या साफसफाईत जाणारच. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तोच या वार्षिकांकातून मी माझ्या मित्रमैत्रिणींपुढे व प्राध्यापकांपुढे ठेवू इच्छिते. फोटो कोणाचा निघतो? आणि निघालेला फोटो कोणाचा टिकतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता हे आपण जाणतोच. त्याच संस्थानात, सिकंदराबादेत, साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेला एक स्टुडिओ होता. तो राजा दीनदयाळ यांचा. इतिहासाच्या तासाला निजामाचा महसूल आणि रझाकार एवढे आपण शिकतो. पण आपल्याच जुन्या राजधानीतला हा दुकानदार आपल्याला शिकवला जात नाही. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन सराफ घराण्यात झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून ते नोकरीला लागले. म्हणजे नकाशे काढणारा सरकारी नोकर. फोटोचा नाद त्यांना तिथेच १८७० च्या दशकात लागला. इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिशांचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८२ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातली मंदिरे, किल्ले आणि वाडे हिंडून त्यांनी जे फोटो काढले ते १८८६ साली लंडनला पुस्तकरूपाने छापले गेले. त्याच दशकात ते हैदराबादला आले आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. सिकंदराबादेत त्यांनी स्टुडिओ थाटला. १८९४ साली निजामांनी त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. १८९६ साली त्यांनी मुंबईत शाखा उघडली आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीचा सनदी फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. नोकरीची बांधलेली वाट सोडून स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाने याहून अधिक काय मिळवायचे?

तथापि हा धंदा काय होता हे नीट समजल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. आज आपण बोट टेकवले की फोटो निघतो. तेव्हा एका फोटोमागे एक छोटासा कारखाना उभा असे. दीनदयाळ यांनी सुरुवात केली तो ओल्या काचेचा काळ होता. स्वच्छ काचेवर कलोडियनचा चिकट द्रव ओतायचा, अंधाऱ्या जागेत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकण्याच्या आत धुऊन काढायची. दख्खनच्या उन्हात काच किती वेळ ओली राहणार? म्हणून डोंगरावरच्या देवळाचा फोटो घ्यायचा तर तंबू, बाटल्या, पाण्याचे पखाल आणि काचांच्या पेट्या सगळे बैलांवर लादून वर न्यावे लागे. पुढे १८८० च्या दशकात सुक्या काचा तयार मिळू लागल्या आणि काम सोपे झाले, तरी उन्हाळ्याचा जाच राहिलाच. सुक्या काचेवर जिलेटिनचा थर असे आणि धुण्याचे पाणी कोमट झाले की तो थर सुटू लागे.

मोठा करून छापण्याची सोय तेव्हा स्टुडिओवाल्यांच्या रोजच्या कामात नव्हती. फोटो जेवढा मोठा हवा तेवढीच मोठी काच लागे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा, उन्हाने चित्र उमटले की त्याला सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात रंग द्यायचा, मग हायपोत पक्का करायचा आणि तासन्‌तास धुवायचा. म्हणजे एका फोटोत चांदी, सोने, अंडी, भरपूर पाणी, ऊन आणि सात-आठ माणसांची मेहनत. कोणी काचा धुणारा, कोणी अंधाऱ्या खोलीतला, कोणी पेन्सिलीची बारीक टोके करून निगेटिव्हवरच्या देवीच्या व्रणांवरून हात फिरवणारा, कोणी फोटो पुठ्ठ्यावर डकवणारा, कोणी वहीत नोंद करणारा. एवढ्या माणसांचे पोट महिन्याच्या महिन्याला भरायचे तर गिऱ्हाईक दारात पाहिजेच.

दीनदयाळ यांची खरी हुशारी इथे दिसते. गिऱ्हाईक कुठून येईल याचा विचार त्यांनी चहूबाजूंनी केला होता. सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी. तिथल्या अधिकाऱ्यांना विलायतेला आई-बापांकडे फोटो पाठवायचा असे, पलटणीचा ग्रुप हवा असे, पोलोच्या सामन्याचा फोटो हवा असे. हैदराबादेतल्या नवाबांना आपला वाडा, आपली बग्गी, आपली शिकार दाखवायची असे. प्रवाशांना चारमिनार, गोवळकोंडा आणि वेरूळची चित्रे विकत हवी असत. आणि पडदानशीन स्त्रियांचे काय? त्यांच्यासाठी दीनदयाळ यांनी १८९२ साली वेगळा जनाना स्टुडिओ काढला. त्याला उंच भिंती घातल्या आणि त्याचा कारभार केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सोपवला. बाईंचा फोटो बाईच काढणार. हे सुधारणेसाठी केले की धंद्यासाठी? मला वाटते धंद्यासाठीच. पण त्यामुळे ज्या स्त्रियांची सावलीही बाहेरच्याला दिसत नसे त्यांनाही कॅमेऱ्यासमोर बसता आले.

इथपर्यंत वाचून कोणाच्याही मनात अभिमान दाटून यावा. माझ्याही आला होता. पण मी ती चित्रे पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या छापील प्रतींतून पाहू लागले तसतसा अभिमान ओसरून एक वेगळीच भावना आली. मी त्यांत माझी माणसे शोधत होते. आमचे गाव त्याच संस्थानात होते. आमच्या पणजोबांनी त्याच निजामाला सारा भरला होता. फलकनुमा राजवाड्याचे दिवाणखाने दिसले. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन वरंगळ भागात शिकारीला आले, तेव्हाचा मेलेल्या वाघाजवळ उभ्या असलेल्या त्या पती-पत्नींचा फोटो दिसला. हत्ती, घोडे, सरदार, मेजवानीची टेबले, सारे दिसले. हे वैभव ज्याच्या साऱ्यावर उभे होते तो जोंधळा-कापूस पिकवणारा मराठवाड्याचा कुणबी मात्र दिसेना.

अगदीच दिसला नाही असे म्हणता येणार नाही. निजामाच्या सत्कार्यांची चित्रे म्हणून दीनदयाळ यांनी १८९५ ते १९०२ या काळात एक मालिका केली. तिच्यात दुष्काळ निवारणाची चित्रे आहेत आणि त्यांत आपले औरंगाबाद आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेला आहे. त्या मालिकेतले एक चित्र आज अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. त्याचे नाव असे : दुष्काळ निवारण, म्हशींचा खेळ, औरंगाबाद. दुष्काळ आणि म्हशींचा खेळ! ते नाव वाचून मी बराच वेळ विचार करीत बसले. आमची माणसे शेवटी कॅमेऱ्यासमोर आली ती अशी, दुसऱ्याच्या दानशूरपणाचा पुरावा म्हणून. त्यांनी कुठे उभे राहावे, काय नेसावे, हे त्यांना कोणी विचारले नसणार. फोटो त्यांचा नव्हताच. फोटो निजामांच्या औदार्याचा होता आणि पैसेही त्यांचेच होते.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. स्टुडिओ हे दुकान आहे. दुकानात फोटो निघतो तो पैसे देणाऱ्याचा, आणि निघतो तो पैसे देणाऱ्याला हवा तसा. आजीचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो असा का दिसतो याचेही उत्तर मला इथेच सापडले. १९९३ पासून निवडणुकीची ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवले गेले. त्यांतल्या कित्येकांचा तो आयुष्यातला पहिला फोटो. पण तो सरकारने सरकारच्या कामासाठी काढला. आजी त्यात सुंदर दिसावी ही कोणाची गरज होती? रबरी चेंडूवाला फोटो मात्र आजोबांनी कापसाचे पैसे आले तेव्हा स्वतःच्या खिशातून काढवला होता. त्यात आजीने ठेवणीतली जरीची साडी नेसली होती आणि नथ घातली होती. तो फोटो तिचा होता.

आमच्या एका सरांशी मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, "मग दीनदयाळ यांना कलावंत तरी कशाला म्हणायचे? दरबाराचा भाट म्हणावे." सरांविषयी पूर्ण आदर राखून मला हे मान्य नाही. भाटाला शब्द फुगवता येतात. काचेवर जे पुढे असेल तेच उमटते. मेजवानीच्या फोटोत कडेला उभा असलेला अनवाणी नोकर, हत्तीजवळचा माहूत, शिकारीचे हाकारे, हे सारे पैसे न देता फोटोत आले आहेत, आणि आज त्यांच्याकडेच आधी लक्ष जाते. शिवाय या माणसाने दुकान चालवले नसते तर आपल्याला तक्रार करायलाही काही उरले नसते.

मुंबईची गोष्ट घ्या. तिथे १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी उत्तम फोटो काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटो शिकवण्याचा वर्ग निघाला, आणि मुंबईचे हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. त्यांचे फोटो १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात गेले होते. एवढी मोठी ही मंडळी, पण त्यांच्या कामापैकी आज हाती लागते ते थोडे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्रा येथे फोटोचा धंदा केला होता. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले आणि त्यांनी ते गाव सोडले. त्या स्टुडिओत किती गोध्रावासी बसून गेले असतील! आज ते चेहरे कुठे शोधायचे?

याउलट दीनदयाळ यांच्या काचांवर नंबर होते. फोटोच्या खालच्या कडेला नंबर आणि नाव छापलेले दिसते. दुकानदाराला ते ठेवावेच लागते, कारण सहा महिन्यांनी गिऱ्हाईक येऊन आणखी सहा प्रती मागणार. ही शिस्त कलेतून आली नाही, ती हिशेबातून आली. १९०४ साली मुलगा धर्मचंद वारला आणि ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ स्वतः गेले. दुसरा मुलगा ग्यानचंद याने पुढे धंदा चालवला. मग संस्थान गेले, राज्ये बदलली. पण घराण्याने काचा सांभाळल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतल्या २,८५७ काचा घेतल्या. २००६ साली त्यांच्या नावे टपाल तिकीटही निघाले. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही जवळपास तेच आले. फोटो टिकतो तो ज्याच्या मागे नोंद असते आणि ज्यासाठी कोणीतरी पुन्हा पैसे मोजायला तयार असते त्याचा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हैदराबादच्या संस्थानी काळात आपल्या माणसांना स्टुडिओची पायरी परवडली नाही. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीवरून धावू लागली, पण फोटो काढायला रेल्वेने राजधानीत कोण जाणार? आमच्या घरात तरी पणजोबा-पणजीचा एकही फोटो नाही. मी वर्गातल्या मैत्रिणींना विचारले तर बहुतेकींच्या घरी तीच स्थिती. चेहरे सुरू होतात ते आजोबांपासून. आणि ते सुरू झाले ते सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी, गंगाखेड अशा गावांतल्या बाजारपेठेत जिन्यावरच्या खोलीत स्टुडिओ थाटणाऱ्या माणसांमुळे.

त्या स्टुडिओंना आपण फार हसतो. ताजमहालाचा पडदा, प्लॅस्टिकची फुले, तारेशिवायचा टेलिफोन, भिंतीला टांगलेला एकच काळा कोट आणि तयार गाठीचा टाय, जो मॅट्रिकचा फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडे. पण थोडा विचार करा. लग्न ठरवण्यासाठी काढलेला मुलीचा फोटो, शाळेतल्या सातवीच्या वर्गाचा ग्रुप, मुंबई-पुण्याला कामाला जाणाऱ्या मुलाने आईसाठी काढून ठेवलेला फोटो, जत्रेला आलेल्या चार मित्रांचा एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकलेला फोटो. हे सर्व फोटो ज्यांचे होते त्यांनीच पैसे देऊन काढवले. तो कोट उसना होता हे खरे. पण तो अंगात घालायचे त्या माणसाने स्वतः ठरवले होते. आपल्या माणसांनी कसे दिसायचे हे पहिल्यांदा आपल्या माणसांनी ठरवले ते त्या जिन्यावरच्या खोलीत. आपल्या जिल्ह्याचा खरा चित्रसंग्रह तोच आहे. आणि तो आज किलोवर जातो आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहेत, प्रत्येकाजवळ हजारो फोटो आहेत, मग जुन्या निगेटिव्हचे काय एवढे? मी म्हणते, त्या हजारांपैकी कशाच्या मागे नाव लिहिलेले आहे? कोणता नंबर आहे? फोन पडला, बिघडला, विकला की सारे जाते. काच दीडशे वर्षे टिकली, फोन पाच वर्षे टिकत नाही. आपल्या नातवंडांना आपला चेहरा मिळेलच याची खात्री माझ्या आजोबांना होती त्याहून आपल्याला अधिक आहे असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक प्राध्यापिका म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरच्या बायकांचे फोटो तुम्ही गोळा करणार, ते त्यांना चालेल का?" हा प्रश्न रास्त आहे. विवाहासाठी काढलेला फोटो चव्हाट्यावर यावा असे कोणालाच वाटणार नाही. म्हणून गोळा करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. निगेटिव्ह फोटोवाल्याचीच राहावी. आपण तिची प्रत आणि नोंद ठेवावी. घरच्यांची लेखी संमती असल्याशिवाय एकही चित्र भिंतीवर लागू नये. दीनदयाळ यांना जनाना स्टुडिओला उंच भिंती घालाव्या लागल्या होत्या. आपल्यालाही आपल्या कामाला अशी एक भिंत घालावी लागेल.

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात इतिहास विभाग आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी आपण शिबिर घेतो, रस्ता झाडतो, खड्डे खणून झाडे लावतो. एका वर्षी हे काम करू. तालुक्याच्या गावी दोघे-दोघे जाऊन जुन्या फोटोवाल्यांना भेटू. त्यांच्याजवळ काय उरले आहे ते पाहू. निगेटिव्ह कडांना धरून उचलायची, बोटांचे ठसे पडू द्यायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदी पाकिटात एकेक ठेवायची आणि कोरड्या कपाटात उभी लावायची. मागे पांढरा उजेड धरून मोबाइलनेच तिची प्रत घेता येते आणि उलट रंग सुलट करता येतात. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. प्रत्येक पाकिटावर नंबर घालायचा, आणि माहीत असेल तर नाव, गाव व साल. घरातल्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्यायची, आणि हे काम घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच होणार आहे. त्याबरोबर काकांसारख्या माणसांना विचारून धंद्याची हकीकत लिहून घ्यायची. पडदा कोणी रंगवला, हायपो कुठून येई, कोट कोणाचा होता.

आणि शेवटची गोष्ट, जी थोडी अवघड आहे. हे फुकट मागू नये. भंगारवाला किलोमागे पैसे देतो. आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून केवळ कौतुक देणार असू, तर फोटोवाल्याने निगेटिव्ह भंगारवाल्यालाच द्यावी आणि आपण बोलू नये. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपावर जो खर्च होतो त्यातला लहानसा हिस्सा काढला तरी एका स्टुडिओची पोती वाचतील. शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांजवळ फोटोला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांचे चेहरे राहिले नाहीत. आज ती सबब आपल्याला सांगता येणार नाही.

मी परत निघाले तेव्हा काकांनी मला हाक मारली. टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढून दिली. निगेटिव्ह गेल्या, पण वही उरली होती. तारीख, नाव, गाव, किती प्रती, किती ॲडव्हान्स. मी पाने उलटत गेले आणि एका पानावर आजोबांचे नाव सापडले. पुढे लिहिले होते : तिघे, तीन प्रती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तारखेची खूण होती, माल नेला म्हणून.

तीन प्रती होत्या. आमच्या घरातली एक पावसाने गेली. दुसरी आणि तिसरी आजोबांनी कोणाला दिली असेल? एक आजीच्या माहेरी गेली असावी असे बाबा म्हणतात. या सुट्टीत मी तिच्या माहेरी जाणार आहे.